वरच्या चार मिरच्या

माझी नोकरी गेली तेव्हा मी एका कंपनीच्या परचेस खात्यात होतो. म्हणजे पंधरा वर्षं माझं कामच खरेदीचं. बेअरिंग, ऑइल सील, पॅकिंगची खोकी. तिघांकडून कोटेशन मागवायची, घासाघीस करायची, उधारीचे दिवस वाढवून घ्यायचे. त्यामुळे २०२३ च्या मार्चमध्ये आमचा विभागच बंद झाला आणि घर बायकोच्या पतसंस्थेतल्या पगारावर आलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात जाहीर करून टाकलं, आजपासून बाजारहाट माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी सकाळी दहाला पुण्याच्या मंडईत गेलो आणि तीनशे चाळीस रुपयांची भाजी घेऊन आलो. आईने पिशवी ओट्यावर रिकामी केली. एक वांगं उचललं, तळहातावर झेलून पाहिलं, बाजूला ठेवलं. गवारीची शेंग मोडायला गेली, ती मोडेना, नुसती वाकली. "कितीला?" मी सांगितलं. आई काही बोलली नाही. शेंगांच्या शिरा काढायला बसली, आणि त्या शिरा बघून मला कळायचं ते कळलं.

हिशेब असा होता. दत्तवाडीतलं भाडं, मुलीची फी, दुचाकीचा हप्ता हे सगळं जाऊन चौघांच्या खाण्यापिण्याला महिन्याचे साडेसहा हजार उरत. त्यातले सतराशे दुधाचे. गॅसची टाकी तेव्हा अकराशेच्या वर गेलेली, ती दीड महिना पुरवायची. राहिलेल्यात धान्य, डाळ, तेल, भाजी, अंडी आणि रविवारी काहीतरी वशाट. मी सवयीप्रमाणे एक्सेलमध्ये तक्ता मांडला. वस्तू, भाव, वजन, दुकान. आईने चष्मा लावून तो नीट पाहिला.

"ह्यात येळ कुठं लिवलाय?"

"कसला वेळ?"

"किती वाजता गेलतास त्यो."

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन गेली, रात्री आठ वाजता. मंडईची दगडी इमारत आतून रिकामी होत आली होती आणि बाहेर, टिळक पुतळ्याच्या बाजूला, पथारीवाल्या बायका उरलेल्या मालाचे वाटे घालत होत्या. सकाळी वीसला एक असलेली मेथीची जुडी आता वीसला तीन. पालक, शेपू, चुका, सगळं उतरलेलं. बटाटा मात्र सकाळच्याच भावात. मी त्यावर घासाघीस करायला गेलो तर आईने कोपराने ढोसलं. घरी येताना तिने समजावलं ते माझ्या पंधरा वर्षांच्या परचेसमध्ये मला कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. बटाटा उद्याही बटाटाच राहतो, त्या बाईला घाई नाही. मेथीचं तसं नाही. रात्रभर पडली की सकाळी पिवळी. म्हणून संध्याकाळी पालेभाजी घ्यायची, आणि कांदा-बटाटा कधीतरी एकदाच मार्केट यार्डातून. गवार, भेंडी, घेवडा यांचं मधलंच काहीतरी. ती संध्याकाळी स्वस्त मिळतात, पण चांगली चांगली सकाळच्या गिऱ्हाइकाने निवडून नेलेली असतात, म्हणून तिथे डोळे उघडे ठेवायचे. वांगं हाताला हलकं लागलं पाहिजे आणि देठ हिरवा पाहिजे. जड वांग्यात बियाच जास्त.

दुसरी गोष्ट तिने मंडईतच, मेथीवाल्या मावशींच्या समोर शिकवली होती. मी तीन जुड्यांचे वीसऐवजी पंधरा करत होतो.

"आरं, भाव कशाला पाडतूस? ती पहाटं उठून यार्डात गेलती. वर माग."

मग स्वतःच म्हणाली, "मावशी, वर काय देताव?" आणि मावशींनी न बोलता चार हिरव्या मिरच्या, कढीपत्त्याची काडी आणि आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा पिशवीत टाकला. पाच रुपये कमी करायला तयार नसलेल्या बाईने सात-आठ रुपयांचा माल हसत दिला होता. मी कितीतरी दिवस याचं गणित लावत होतो. पाच रुपये सोडले की ते तिच्या गल्ल्यातून जातात, ते तिला दिसतात. आणि भाव एकदा पडला की शेजारच्या गिऱ्हाइकाच्या कानावर जातो. मिरच्या तिच्या ढिगातून जातात. त्या ढिगाच्या तळाचं काय होणार ते तिला आठ वाजता ठाऊक असतंच. शिवाय देताना तिचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं असावं असा माझा अंदाज.

(मंडईवरून आठवलं. या इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव आहे, पण नगरपालिकेत सदस्य असताना फुल्यांनी ती बांधायलाच विरोध केला होता. एवढा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. इमारत झाली १८८६ च्या सुमारास, नाव तेव्हाच्या गव्हर्नराचं, रे मार्केट. फुल्यांचं नाव नंतर लागलं. ज्या खर्चाला माणूस नको म्हणाला त्याच खर्चावर त्याचं नाव. खरेदी खात्यात असल्या नोंदी मीही पाहिल्या आहेत.)

पालेभाजी आली म्हणजे निवडणं आलं. वीस रुपयांच्या तीन जुड्या दिसायला स्वस्त, पण रात्री साडेनऊला घरी येऊन त्या निवडायच्या, धुवायच्या, फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, यात तास जातो. आधी तो तास आईचा जायचा. मी घरी बसल्यावर माझा जायला लागला आणि मग मला त्याची लांबी कळली. मेथीची पानं खुडताना कोवळे देठ घ्यायचे, चुक्याचे सगळे घ्यायचे, कोथिंबिरीच्या काड्या तर फेकायच्याच नाहीत, त्या आमटीच्या वाटणात. फ्लॉवरचे आतले देठ चिरून भाजीतच. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. हे सगळं बऱ्याच घरांतून चालतं, त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच की माझी मुलगी दोडक्याची भाजी खात नाही आणि त्याच्या शिरांची चटणी मागून घेते.

धान्याची गोष्ट निराळी. तिथे वेळ घड्याळाची नसते, महिन्यांची असते.

मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू यार्डाच्या भुसार विभागात येतो तेव्हा वर्षाचं भरून ठेवायचं, ही आईची जन्माची रीत. पण वर्षाचं भरायला एकरकमी पैसे लागतात. स्वस्तातलं घ्यायचं तर आधी हातात पैसे पाहिजेत, ही यातली सगळ्यात मोठी गोम आहे. ज्याला सगळ्यात जास्त गरज तो दोन-दोन किलो आणतो आणि किलोमागे आठ-दहा रुपये जास्त मोजतो. आम्ही तेव्हा त्यातलेच. शेवटी वाड्यातल्या चार बिऱ्हाडांनी मिळून लोकवन गव्हाचं पन्नास किलोचं एक पोतं आणि ज्वारीचं एक पोतं घेतलं. जिन्याखाली तागडी लावून वाटून घेतलं. गॅलरीत दोन दिवस ऊन दाखवून, एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डबे भरले. खाली सांडलेली ज्वारी आईने दाणा दाणा गोळा केली, तेव्हा बायको म्हणाली, "राहू द्या ना आई, चिमण्या खातील." आई म्हणाली, "चिमण्यास्नी मी माझ्या हातानं घालंन की."

आई बार्शीजवळच्या एका खेड्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. माझी आजी खडी फोडायला जायची आणि घरी मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेने चिरत जायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे व्हायचे. शाळेत सुकडी मिळायची, पिठाचा कोरडा खाऊ, ती आई फ्रॉकच्या ओच्यात घालून धाकट्या भावासाठी आणायची. या गोष्टी तिने आम्हाला कधी बसवून सांगितल्या नाहीत. पोतं वाटताना, तागडीचा काटा स्थिर व्हायची वाट बघताना, एकेक वाक्य सुटत गेलं. त्यातच ती म्हणाली की तिच्या लहानपणी गव्हाची पोळी सणाला व्हायची, भाकरी रोजची, कारण ज्वारी स्वस्त. आता आमच्या जिन्याखाली मालदांडी ज्वारीचं पोतं गव्हाच्या पोत्याहून महाग होतं. गरिबाचं अन्न पथ्याचं अन्न झालं की त्याचा भाव चढतो, आणि मग गरिबाला रेशनचा तांदूळ उरतो. आम्ही आठवड्यात चार दिवस पोळी, तीन दिवस भाकरी असं वाटून घेतलं. भाकरीच्या दिवशी आई दोन घास जास्त जेवते, हे मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

तांदळात मात्र आम्ही श्रीमंत होतो. यार्डातल्या एका दुकानदाराने मला कणी दाखवली. आंबेमोहोराचा तुकडा. अख्ख्या आंबेमोहोराला हात लावायची सोय नव्हती, तुकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास. वास तोच, चव तीच, फक्त दाणा मोडलेला. मऊ भात, खिचडी, पेज यांना तुकडाच बरा, लवकर शिजतो, गॅस वाचतो. पाहुणे आले की इंद्रायणी. इंद्रायणीही आंबेमोहोराचंच लेकरू, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने काढलेलं. मात्र ती जरा जास्त शिजली की गोळा होते आणि बायकोच्या माहेरची माणसं ताटात बोट घालून बघतात.

डाळीवर मी आणि आई भांडलो. माझं म्हणणं, तूरडाळ पातळ करू. मला २०१५ ची दिवाळी आठवत होती, तूरडाळ दोनशेच्या घरात गेली होती आणि तेव्हा पगार असूनही आमच्याकडे वरण पाणचट झालं होतं. आईचं म्हणणं, पातळ करायची कशाला, बदलायची. तिने हुलगे आणायला लावले. पुणेकर त्याला कुळीथ म्हणतात आणि पिठलं करून मोकळे होतात. आई हुलग्याच्या पिठात थोडी ज्वारी, लसूण, तिखट, मीठ घालून घट्ट मळायची, तळहातावर वळून त्याची शेंगोळी करायची आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. दोन वाट्या पिठात चौघांचं पोटभर जेवण. पहिल्यांदा केली तेव्हा मुलीने विचारलं, "आजी, हा पास्ता आहे का?" आजीने पास्ता म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, त्योच."

मग जुलै आला आणि टोमॅटो चढला. शंभर, एकशेवीस, एकशेसाठ. पेपरात रोज फोटो. नारायणगावच्या बाजारात कुणा शेतकऱ्याला लाखोंनी पैसे मिळाल्याच्या बातम्या. आमच्या वाड्यात जिन्यावर उभं राहून लोक टोमॅटोबद्दल असं बोलत की कुणी आजारी आहे. आईला यातलं काहीच कळेना. "आमच्यात टमाटं कवा हुतं? चिंच हाय की." तीन महिने चिंच, आमसूल आणि ताक यांवर निघाले. एकदा मुलीच्या वाढदिवसाला पावभाजीसाठी अर्धा किलो आणला, तेवढाच. सप्टेंबरात तोच टोमॅटो इतका कोसळला की शेतकरी रस्त्यावर ओतू लागले. त्या आठवड्यात मी पाच किलो आणला आणि बायकोने त्याचा सॉस करून बाटल्या भरल्या. तक्त्यात मी त्यापुढे बचतीचा आकडा लिहिला. हिरव्या रंगात.

ही हिरव्या रंगाची खोड मला डिसेंबरात भोवली.

८ डिसेंबरला कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि आठ दिवसांत भाव घसरला. परचेसमधला माणूस अशा वेळी गप्प बसत नाही. मी यार्डातून वीस किलो कांदा उचलला, दुचाकीच्या पायाशी ठेवून आणला, तक्त्यात भरला. आईने पोतं उघडून एक कांदा हातात घेतला. तांबडा, टपोरा, पातळ सालीचा. "ह्यो टिकत न्हाई," एवढंच म्हणाली. साठवायचा असतो तो उन्हाळी कांदा, एप्रिल-मेमध्ये निघणारा, वाळून घट्ट झालेला, चार-सहा महिने टिकतो. थंडीत येतो तो लाल कांदा, पाण्याचा. आणला की खायचा. मला हे ठाऊक नव्हतं. बेअरिंगला मोसम नसतो.

पंधरा दिवसांत गॅलरीत वास सुटला. निम्म्या कांद्यांना कोंब आले, खालचे लिबलिबीत झाले. मी ते निवडत बसलो होतो तेव्हा आई फोनवर तिच्या भावाशी बोलत होती, त्याच धाकट्या भावाशी, ज्याच्यासाठी ती सुकडी आणायची. मामाने त्या वर्षी दोन एकर कांदा केला होता. सोलापूरच्या बाजार समितीत गाडी घेऊन गेला होता, बंदीच्या पुढच्याच आठवड्यात. काय पट्टी आली, म्हणजे खर्च वजा जाऊन हातात किती पडलं, ते मला ऐकू आलं नाही. आईचं नुसतं "हं... हं..." चाललेलं. मग ती म्हणाली, "गाडीभाडं तरी निघालं का?" आणि बराच वेळ ऐकत राहिली.

फोन ठेवून ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि कांदे निवडू लागली. कोंब आलेले वेगळे काढले, त्यांच्या पातीची भाजी होते. अर्धे सडलेले कापून चांगला भाग ताटलीत टाकला. मी म्हणालो, "आई, राहू दे, मी करतो." ती म्हणाली, "आसू दे. त्याचाच आसंल एखांदा."

त्या रात्री मी तक्त्यातला हिरवा रंग काढून टाकला. फार मोठं काही केलं असं नव्हे. मला तो आकडा कुणाचा आहे हे कळेना, एवढंच. मामाच्या गाडीचं भाडं माझ्या रकान्यात येऊन बसलं होतं, आणि पुन्हा ते माझ्याकडेही टिकलं नव्हतं, कुजून गेलं होतं. त्यानंतर मी भाव पडल्याची बातमी वाचून बाजारात गेलो नाही. पडलेल्या भावात घेतच नाही असं मात्र नाही. आठ वाजताची मेथी पडलेल्या भावाचीच असते. पण तिथे मावशी समोर बसलेली असते, तिची पाटी रिकामी व्हायला माझी मदत होते, आणि चार मिरच्या वर देण्याइतकं तिच्याकडे उरलेलं असतं. आईला हा फरक माझ्याआधी पन्नास वर्षं कळलेला असावा. तिने तो कधी असा मांडला नसता.

सव्वा वर्ष आम्ही असं जेवलो. लिहायला संकोच वाटतो, पण आम्ही चांगलं जेवलो. महिन्यातून दोनदा वजडी किंवा पाया, मटणाकडे न बघता. एरवी अंड्याची आमटी नाहीतर सुकट. जानेवारीत भोगीच्या दुसऱ्या दिवशी, भाव खाली आल्यावर, भोगीची भाजी. मेमध्ये वळवाने पाडलेल्या कैऱ्यांचा तक्कू. बायकोचं हिमोग्लोबिन वाढलं, माझा ढेरीवरचा पट्टा एक भोक आत गेला. पैसे इतके कमी कधीच नव्हते आणि ताटात इतकं वेगवेगळं कधीच नव्हतं. त्या सगळ्यामागे रोजचे माझे दोन-अडीच तास होते, आणि ते माझ्याकडे होते कारण मला काम नव्हतं. ज्या बाईला दोन घरची धुणीभांडी उरकून रात्री नऊला घरी पोचायचं असतं, तिच्याकडे ना पोत्याचे पैसे असतात ना मेथी निवडायचा तास. ती कोपऱ्यावरच्या गाडीवरून पोराला वडापाव घेते. तिला काटकसर शिकवायला जाणाऱ्यांनी आधी एक जुडी निवडून दाखवावी.

२०२४ च्या जूनमध्ये मला नोकरी लागली. पिंपरीला. पगार आधीपेक्षा थोडा कमी, पण पगार. बायको पहिल्या दिवशी डबा भरताना म्हणाली, "आता आपलं जेवण बिघडणार." मी हसलो. महिन्याभरात ते खरं झालं. घरी यायला साडेआठ-नऊ. मोबाइलवर भाजी मागवायची, दहा मिनिटांत दारात. निवडलेली मेथी, पाकिटात, जुडीच्या चौपट भावात. ज्वारीचा डबा संपला तो भरला नाही. गुडघे धरल्यापासून आईचं मंडईत जाणं बंद झालं होतं. ती त्या पाकिटातली मेथी ताटात पसरून बघायची आणि म्हणायची, "देठ कुठं टाकत्यात रं ही?"

सप्टेंबरअखेर मंडईत मेट्रोचं स्टेशन सुरू झालं. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी मी पिंपरीहून येताना स्वारगेटपर्यंत न जाता मध्येच उतरलो. जमिनीखालून वर आलो तर आठ वाजून गेले होते. पुतळ्याच्या बाजूला मावशी होत्या. समोर शेपूच्या चार जुड्या, चुक्याचा वाटा, थोडी मेथी. मी मेथी आणि चुका घेतला. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"नोकरी लागली वाटतं, दादा."

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"पिशवी न्हाई आणली."

त्यांनी पेपरात भाजी गुंडाळली, दोऱ्याने बांधली. मी पन्नासची नोट दिली, त्यांनी वीस परत केले. आईची चौकशी केली, गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधायला सांगितलं. मागे दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. मी वर काही मागितलं नाही. त्यांनीही दिलं नाही.